वेलोड्रोम मागताना वळणाचा उतार विसरू नका

माननीय संपादक,
स. न.

नाशिकला वेलोड्रोम, म्हणजे वळणांवर उतार दिलेला सायकल शर्यतींचा ट्रॅक, हवा, ही मागणी अधूनमधून उचल खाते आणि चार दिवसांत पुन्हा खाली बसते. मागणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एक लंबगोल रस्ता असतो. सपाट, गुळगुळीत, भोवती कुंपण. तसा रस्ता झालाच तर पहाटे चालायला येणाऱ्या ज्येष्ठांची उत्तम सोय होईल. पण टीम परस्यूटच्या, म्हणजे चौघांनी रांगेत धावायच्या ट्रॅक शर्यतीच्या, सरावाला तो कवडीच्या उपयोगाचा नाही, आणि नाशिकच्या पोरांनी ट्रॅकवर काही करून दाखवायचं तर ते याच प्रकारात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारण साधं आहे. हे शहर दमाचं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रॅम शर्यत पूर्ण केली, २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच एकट्याने केली. पंढरपूरची सायकल वारी इथून दरवर्षी निघते. कसारा घाट चढून येणं ही इथल्या तरुण सायकलस्वारांना रविवारची गंमत वाटते. स्प्रिंटसाठी लागणारी स्फोटक मांडी वेगळी. त्यातही भारत कमी नाही, २०१९ मध्ये आपल्या ज्युनिअर मुलांनी टीम स्प्रिंटचं जागतिक सुवर्ण आणलं आहे. टीम परस्यूट मात्र पावणेचार-चार मिनिटं चालते आणि तिथे दमाचा गडी लागतो. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताला याच प्रकारात रौप्य मिळालं होतं, हे आता फारसं कुणाच्या स्मरणात नाही.

ऑलिम्पिकच्या दिवसांत या शर्यतीबद्दल जे छापून येतं, त्यात दोन चुका हमखास असतात. एक म्हणजे तिला रिले म्हणतात. दुसरी, चौघांच्या वेळांची बेरीज करतात असं लिहितात. दोन्ही खोटं. चार जण एकदम सुटतात, ४००० मीटर, म्हणजे २५० मीटरच्या ट्रॅकच्या १६ फेऱ्या, एकामागे एक रांगेत मारतात. समोरच्या बाजूच्या सरळ पट्ट्यावरून त्याच क्षणी दुसरा संघ सुटलेला असतो. वेळ धरतात ती संघातल्या तिसऱ्या स्वाराचं पुढचं चाक रेषेवर आलं त्या क्षणाची. चौथा तोवर गळाला असेल तरी चालतं. किंबहुना बऱ्याचदा त्याला शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत पुरता पिळून बाजूला काढायचं, असंच ठरलेलं असतं. बायकांची शर्यत ऑलिम्पिकमध्ये २०१२ साली आली तेव्हा तिघी आणि ३००० मीटर असं होतं. २०१६ च्या रिओपासून त्यांनाही चौघी आणि ४००० मीटर.

आता वेग बघा. २००८ साली बीजिंगमध्ये ब्रिटनने ३ मिनिटं ५३.३१४ सेकंदांत सुवर्ण घेतलं, तेव्हा याच्या पलीकडे काय जाणार असं वाटलं होतं. रिओत त्यांनीच ३:५०.२६५ केलं. टोकियोत इटलीने ३:४२.०३२, आणि २०२४ मध्ये पॅरिसला पहिल्या फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ब्लेडिन, वेल्सफर्ड, लेही आणि ओब्रायन यांनी ३:४०.७३०. सोळा वर्षांत साडेबारा सेकंद! पहिली फेरी उभ्या सायकलवरून असल्यामुळे तिला वीस-एकवीस सेकंद जातात. म्हणजे उरलेल्या पंधरा फेऱ्या प्रत्येकी साधारण १३.४ सेकंदांना पडतात. ताशी ६७ किलोमीटर, ब्रेक नाही, आणि पुढच्याच्या मागच्या चाकापासून तुमचं पुढचं चाक वीतभर अंतरावर.

वीतभर कशासाठी, तर वाऱ्यासाठी. या वेगात स्वाराची जवळजवळ सगळी ताकद हवा फोडण्यात जाते. पुढचा शंभर खर्च करतो तेव्हा दुसऱ्याला सत्तरच्या आसपास पुरतात, तिसऱ्या-चौथ्याला पासष्टच्या जवळ. अंतर वीतभराचं सायकलभर झालं की हा फायदा झपाट्याने घटतो. म्हणून ही शर्यत चार ताकदवान माणसांची म्हणण्यापेक्षा एका रांगेची आहे, आणि रांग टिकते की तुटते ते पुढचा माणूस मागे जातो त्या चार-पाच सेकंदांत ठरतं. पत्राचा मुद्दा नेमका इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पुढच्याचा वाटा, म्हणजे रांगेपुढे राहून वारा झेलायची पाळी, संपला की वळणाच्या तोंडाशी तो हँडल किंचित उजवीकडे देतो आणि उतारावर वर चढतो. बाकीचे तिघे खालून, ट्रॅकच्या आतल्या कडेजवळच्या काळ्या रेषेवरून, सरळ निघून जातात. वळण संपता संपता तो खाली घसरत येऊन शेपटाला लागतो. पहिल्या जागेवरून चौथीवर जायचं म्हणजे तीन सायकली आणि मधली अंतरं मिळून सुमारे पावणेसहा मीटर मागे पडायचं. हे मागे पडणं तो कसं साधतो? ब्रेक नाही. पाय थांबवता येत नाहीत, कारण फ्रीव्हीलच नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. इथे वळणाचा उतार कामाला येतो. ४२ अंशांच्या उतारावर तो तीन मीटर वर सरकला तर आडवा सव्वादोन मीटर बाहेर जातो आणि उंचीत दोन मीटर. बाहेरची वाट लांब असते. पूर्ण अर्धवर्तुळ तिथे राहिला तर सात मीटर जास्त. तो चढून लगेच उतरतो, म्हणून त्यातले तीन-साडेतीन पदरात पडतात. दोन मीटर उंचीने वेग ताशी ६५ वरून ६१ च्या आसपास येतो, त्यातून आणखी दोन-अडीच मीटर. बेरीज करून पाहा, हिशेब बरोबर जमतो. आणि खरी गंमत पुढे आहे: उतरताना तीच उंची त्याला तोच वेग परत देते. फुकट.

हेच सपाट रस्त्यावर करायला जा. मागे पडण्यासाठी वेग कमी करावा लागेल आणि तो पुन्हा पायांनी कमवावा लागेल. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर सेकंदाला १७ मीटरवरून १८ मीटरवर येण्याला १४०० ज्यूल लागतात. तीन सेकंदांत आणायचे तर साडेचारशे वॉट जादा, तेही वाटा संपवून जीभ बाहेर आलेल्या माणसाकडून. पुढचा मागे जाण्याच्या अशा दोन बदलांत तो संपेल. शिवाय पंचवीस मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ६५ ने सायकल उभीच राहणार नाही, टायर सुटेल. तेव्हा सपाट लंबगोलावर टीम परस्यूटचा सराव म्हणजे कोरड्या हौदात पोहण्याचा क्लास.

बदलात काय बिघडतं तेही सांगायला हवं, कारण प्रशिक्षक ओरडतात ते यावरच. सगळ्यात जास्त आढळणारी चूक नव्या पुढच्याची. अंगावर वारा आला की तो घाबरून किंवा उत्साहाने पायडल दाबतो, वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो, आणि नेमका तेव्हा वरून उतरणारा माणूस शेपूट पकडायच्या बेतात असतो. त्याच्या पुढे सायकलभर फट पडते. ती भरायला तो जी ताकद घालतो, ती त्याच्या पुढच्या वाट्यातून वजा होते. दुसरी चूक उतरण्याच्या वेळेची. तिसरा स्वार खालून जाताना त्याचं मागचं चाक तुमच्या कंबरेखाली आलं की उतरायला लागायचं; पूर्ण निघून गेल्यावर उतरलात तर उशीर झाला. घाई केलीत तर चाकावर चाक. मागून येणाऱ्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला बाजूने घासलं की पडतो तो नेहमी मागचा, कारण दिशा ठरवणारं चाक त्याचं अडकलेलं असतं. टोकियोत डेन्मार्कचा फ्रेडरिक मॅडसन मान खाली घालून दौडत होता. समोर ब्रिटनच्या रांगेतून सुटलेला चार्ली टॅनफिल्ड आहे हे त्याला दिसलंच नाही, आणि जाऊन आदळला.

वाटे किती फेऱ्यांचे ठेवायचे यावर पूर्वी अर्धी ते एक फेरी असा दंडक होता. आता तगड्या माणसाला दोन-अडीच फेऱ्याही पुढे ठेवतात, कारण दर बदलात थोडी तरी वेळ गळतेच. टोकियोच्या अंतिम शर्यतीत इटली शेवटच्या किलोमीटरपर्यंत डेन्मार्कच्या मागे होती. मग फिलिप्पो गान्नाने पुढे येऊन रांग अक्षरशः ओढली आणि १६६ सहस्रांश सेकंदांनी सुवर्ण इटलीकडे गेलं. कोपेनहेगन ते रोम, सगळीकडे त्या दोन-तीन फेऱ्यांचा अभ्यास झाला असेल. असा गान्ना तुमच्याकडे नसेल तर मात्र लांब वाट्यांच्या नादी लागू नये. वेग पडायच्या अर्धी फेरी आधी बाजूला होणारा स्वार संघाला जास्त उपयोगी, आणि हे शहाणपण तरुण पोरांना पचायला सगळ्यात जड जातं.

सायकलीबद्दल थोडक्यात. पुढे ६४ दाते, मागे १५, असा गिअर धरला तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ८.९ मीटर जाते, १३.४ सेकंदांची फेरी हवी तर मिनिटाला १२५ फेरे. नवख्याने एवढा गिअर लावू नये, सुटतानाच गुडघे जातील. क्रँक (पायडलचा दांडा) १६५ मिलिमीटरच्या आसपास, कारण लांब क्रँकचा पायडल हळू वेगात उतारावर टेकतो. मागची चक्री हबवर आटे देऊन बसते आणि तिच्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग. ही रिंग नीट आवळलेली नसेल तर वेग मोडण्यासाठी पायांनी मागे दाब दिल्याबरोबर चक्री सुटते, आणि मग सायकलला थांबवणारं काहीच उरत नाही. चेन मधोमध बोटाने दाबून सेंटिमीटरभर हलली पाहिजे. सैल असेल तर उतरते, ताठ असेल तर हब खाते. हे पाहायला १५ चा पाना आणि दोन मिनिटं पुरतात. मोठ्यांच्याही गोष्टी साध्याच जागी अडतात: टोकियोच्या पात्रता फेरीत ऑस्ट्रेलियाच्या अॅलेक्स पोर्टरचं हँडल धावतानाच तुटलं आणि तो तोंडावर आपटला, पॅरिसच्या अंतिम शर्यतीत ब्रिटनचा ईथन हेटर शेवटी शेवटी सीटच्या टोकावरून घसरला आणि सुवर्णाची उरलीसुरली आशा तिथेच संपली. चेनव्हील आणि चक्र्यांचं म्हणाल तर अंबड-सातपूरच्या कारखान्यांत याहून नाजूक कामं रोज होतात, त्यासाठी परदेशाकडे डोळे लावायची गरज नाही.

आता मुख्य मागणी. ट्रॅक मागायचाच तर २५० मीटरचा मागा. ऑलिम्पिक आणि जागतिक स्पर्धा त्याच मापावर होतात. लाकडी आणि छताखालचा, दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमसारखा, हवा असा हट्ट धरला तर आणखी वीस वर्षं निवेदनंच देत बसू. उघड्यावरचा सिमेंटचा चालेल. पावसाळ्याचे चार महिने जातील, हे मान्य. पण उतार खरा हवा: वळणात चाळिसाच्या वर अंश, सरळ पट्ट्यावर बारा-तेरा. रुंदी किमान सात मीटर. ट्रॅकच्या आतल्या कडेला लागून असलेली निळी पट्टी आणि तिच्या आतली मोकळी सुरक्षित जागा मिळून किमान चार मीटर. बाहेरचा कठडा किमान ९० सेंटिमीटर. जागा फार लागते हाही गैरसमज आहे. असा ट्रॅक बाहेरून मोजला तरी अंदाजे १०५ बाय ७० मीटर, म्हणजे धावण्याच्या ४०० मीटरच्या ट्रॅकच्या पोटातल्या मैदानाएवढा. (त्या मैदानातच बांधा असं मुळीच म्हणत नाही. फुटबॉलवाले आमच्या घरी येतील.)

सिमेंटच्या ट्रॅकमध्ये पैसे वाया जातात ते तीन ठिकाणी. पहिलं, सांधे. रस्त्याची सवय असलेला ठेकेदार कामाच्या सोयीने उतारावर लांबच लांब आडव्या पट्ट्या ओततो, आणि सांधा धावण्याच्या दिशेने पडतो. वीस-बावीस मिलिमीटरचा टायर त्या फटीत शिरला की स्वार गेलाच. सांधे आतून बाहेर, रांगेला काटकोनातच हवेत. दुसरं, सरळ पट्टा आणि वळण यांच्यामधला भाग. तिथे १२ अंशांचे ४२ हळूहळू व्हायला पाहिजेत. ते घाईने केले की सायकल आपोआप वर फेकली जाते, आणि नेमक्या त्याच जागी बदल होत असतो. तिसरं, पाणी. उताराचं सगळं पाणी निळ्या पट्टीवर येऊन थांबतं. तिच्या आतून पूर्ण गोल नाली नसेल तर गोदाकाठी राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. ऑक्टोबरात शेवाळाने हिरवी झालेली निळी पट्टी कुणालाच नको. रेषांचा रंगही न घसरणारा हवा, झेब्रा क्रॉसिंगचा चकचकीत रंग इथे चालत नाही. पृष्ठभाग तपासायची रीत सोपी आहे: दोन मीटरची सरळ पट्टी ठेवायची, खाली पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर काम परत.

ट्रॅक होईपर्यंत काय? जागच्या जागी सायकल चालवायच्या रोलरवर मिनिटाला १२० ते १३० फेरे, खांदे न हलवता. उभ्या सायकलवरून सुटण्याचा सराव बंदिस्त आवारात, मागून एकाने सीट धरून. वीतभर अंतरावर चाक धरण्याची सवय रस्त्यावरच्या, ब्रेक असलेल्या सायकलींवर, रहदारी नसलेल्या जागी. ब्रेक नसलेली ट्रॅकची सायकल गंगापूर रोडवर कुणीही आणू नये. हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं. एवढं करून दर महिन्याला दोन दिवस पोरांना पुण्याला बालेवाडीच्या वेलोड्रोमवर न्यायचं. दोनशेहून जास्त किलोमीटर आहे, सायकली टेंपोत घालाव्या लागतात, खर्च होतो. पण बदल शिकायला दुसरा मार्ग नाही. महापालिकेने किंवा जिल्हा क्रीडा कार्यालयाने आठ मुलामुलींचा हा प्रवास आणि आठ ट्रॅक सायकली एवढंच आधी उचललं, तर ट्रॅक तयार होईल तेव्हा त्यावर उतरणारं कुणीतरी असेल. नाहीतर उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी तिथे क्रिकेट सुरू.

वेलोड्रोमचा आराखडा कधी कागदावर आलाच, तर निविदा काढण्याआधी वळणाच्या उताराचे अंश आणि सांध्यांची दिशा एवढं दोनच रकाने वृत्तपत्रात छापून आणावेत, ही आपल्याला विनंती. तपासायला दोन मीटरची पट्टी आमची.

आपले,
ट्रॅक सायकलिंगचे काही नाशिककर अभ्यासक
गंगापूर रोड, नाशिक